जुनं धडुतं आणि घरचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'काटकसर' हा विषय दिला आहे. मी नववी शिकलेला, सूतगिरणीत तीस वर्षे रिंग फ्रेमवर उभा राहिलेला माणूस. अर्थशास्त्र मला पुस्तकातून थोडे कळले, पगाराच्या पाकिटातून जास्त कळले. म्हणून जे बोलेन ते पाच-पन्नास रुपयांच्या भाषेत बोलेन.

पण आधी एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या वस्तीत जुनी वस्तू पुन्हा वापरा म्हटले की तरुण पोरांच्या कपाळाला आठी पडते. एक मुलगा मला तोंडावर म्हणाला, "काका, आमच्या आज्यानं लोकायचे उतरलेले कपडे घातले. आता आमीबी चिंध्याच शिवत बसाव का?" त्याचा राग खोटा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवले आहे की चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावी आणि फुटक्या भांड्यात खावे. शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावी असेही त्याच अध्यायात आहे. तेव्हा आपल्या आज्या-पणज्याच्या अंगावरचे जुनेर ही नुसती गरिबी नव्हती, ती लादलेली खूण होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे खाणे सोडा म्हणून सांगितले. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी बायाबापड्यांपुढे ते लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि दागिन्यांवर बोलले. जातीची ओळख सांगणारे सगळे अंगावरून उतरवा, असे ते बोलणे होते.

त्या पोराला मी एवढेच म्हणालो, की बाबू, दुसऱ्याचे टाकलेले घेणे निराळे आणि आपल्या घामाच्या पैशाची वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत वापरणे निराळे. मग त्याला आनंदाची गोष्ट सांगितली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती आहे. तुम्हालाही सांगतो, कारण या विषयावर यापेक्षा चांगला धडा मला कुठे सापडला नाही.

कोसंबीला उदेन राजाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला हे समजले तेव्हा तो चिडला. एवढे कापड घेऊन हा श्रमण काय कापडाचे दुकान काढणार आहे, असे त्याला वाटले. तो स्वतः विचारायला गेला. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देऊ. राजाने विचारले, मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्याची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला घेऊ. जुन्या अंथरणाचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि फडकी फाटली की? ती कुटून चिखलात कालवू आणि त्याने जमीन लिंपू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आता माझ्या मायबहिणींनो, तुम्ही हसलात. का हसलात ते मला माहीत आहे. हे तर आपल्या आईने आयुष्यभर केले. लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळीतला बरा तुकडा लेकराच्या दुपट्याला, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी सारवायचे पोतेरे. तिने चुल्लवग्ग वाचला नव्हता. आज आपण वाकळ खाटेखाली दडवतो आणि दर हिवाळ्याला बाजारातून रंगीत ब्लँकेट आणतो. ते दोन वर्षांत विरते आणि त्याची वाकळही होत नाही, कारण त्यात सूतच नसते. कापसाच्या जिल्ह्यात राहून आपण प्लास्टिकचा धागा पांघरतो, यावर कधीतरी विचार करा.

आता गिरणीतले सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटते गिरणीत वाया जाणारा कापूस फेकून देतात. तसे मुळीच नाही. रिंग फ्रेमवर धागा तुटला की जो कापूस नळीने ओढला जातो तो गोळा होऊन परत ब्लो रूमला जातो आणि नव्या रुईत मिसळतो. पक्के पिळलेले सूत तुटले तर ते वेगळे काढतात, मोटारी दुरुस्त करणारे मेकॅनिक हात पुसायला जे 'वेस्ट' घेतात ते तेच. जमिनीची झाडणसुद्धा वजन करून पोत्यात भरतात आणि विकतात. दर पाळीला वेस्टचे वजन वहीत चढते. ते वाढले की सुपरवायझर धावत येतो. मालकाला कोणी कंजूष म्हणत नाही, हुशार म्हणतात. मग माझ्या घरची बाई दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारवाल्यासाठी जमवते तेव्हा तिला शेजारीण का हसते?

तर घराच्या वेस्टचे वजन करू. पहिले वेस्ट पानठेल्यावर आहे. खर्रा. मी इथे कोणाचे नाव घेत नाही, पण खिसे चाचपण्याचा आवाज मला ऐकू येतो आहे. एक खर्रा वीस रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन धरले तर साठ रुपये. वर्षाचे २१ हजार ९०० रुपये. दोघे बापलेक खाणारे असतील तर ४३ हजार ८००. तोंडाच्या कॅन्सरचा खर्च यात धरलेला नाही. दारूचा हिशेब मी मांडत नाही, तो प्रत्येक घरातल्या बाईला तोंडपाठ आहे, आणि १९५६ च्या नागपूरच्या प्रतिज्ञांमध्ये त्याचा निकाल लागून गेलेला आहे.

विजेचे थोडक्यात सांगतो. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. शंभर युनिटच्या वर गेले की पुढच्या युनिटचा दर चढतो, म्हणून शंभराच्या आत राहणाऱ्या घराचा फायदा दुप्पट.

खरी गळती मात्र व्याजाची आहे. खासगीत शेकडा पाच रुपये महिना हा दर आपल्याकडे लोक सहज बोलतात, जणू पाचच टक्के. अहो, ते वर्षाचे साठ टक्के झाले! दहा हजार घेतले तर वर्षाला सहा हजार नुसते व्याज, आणि मुद्दल जिथल्या तिथे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे मी काय सांगावे. १९८६ च्या मार्चमध्ये चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-लेकरांसह जीवन संपवले, तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव देशात कशासाठी घेतात ते तुम्ही जाणता. त्याची कारणे मोठी आहेत, कापसाचा भाव आहे, पाऊस आहे, सरकार आहे. घरातली चिंधी शिवून ते प्रश्न सुटतात असे सांगणारा माणूस लबाड समजावा. पण विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते, हे तरी पाठ असू द्या. बचत गटात शेकडा दोनने कर्ज घेतले तर ते व्याजसुद्धा वर्षाअखेर आपल्याच बायांत वाटले जाते.

आपल्याकडे पैसा दिसतो दिवाळीपासून होळीपर्यंत. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या हाती किलोवर मजुरी पडते. खर्च येतो जूनमध्ये, शाळा आणि पेरणी बरोबर. मधले तीन-चार महिने तो पैसा घरात राहत नाही, डब्यात ठेवला तर पोरगा काढतो, नवरा काढतो. म्हणून पोस्टात टाका. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिन्याला शंभर रुपयेसुद्धा चालतात. पाचशे टाकले तर पाच वर्षांत तीस हजार मुद्दल होते, व्याज वेगळे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी राखून. आपल्या कमाईत चौथा भाग निघणार नाही हे मला कळते. दहावा काढा, विसावा काढा, पण खर्च व्हायच्या आधी काढा.

आता कुठे काटकसर करू नये तेही सांगतो, कारण काही घरांत उलटाच प्रकार चालतो. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी, तेल, पीठ भरू नका. डबा मजबूत असतो, झाकण घट्ट असते, मोह होतो. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. शेकडो दवाखान्यात पडली. ते विष आणि डब्यातले विष एकच. तो डबा भोक पाडून निकामी करा. फवारणीचे कपडेही घरच्या कपड्यांत धुऊ नका, आणि त्याची वाकळ तर कधीच नको. तळलेले तेल काळे होईपर्यंत वापरू नका. लेकराचे दूध, पोरीचा चष्मा, म्हाताऱ्याची बीपीची गोळी यात पैसा वाचवाल तर तो दवाखान्यात दामदुपटीने जाईल.

दीघजाणु नावाच्या गृहस्थाला भगवंतांनी हेच समजावले. कमाई थोडी आणि खर्च भारी, त्याला ते उंबर खाणारा म्हणाले. अट्ठकथा सांगते, असा माणूस दोन फळांसाठी सगळे झाड हलवतो आणि बाकीची उंबरे मातीत जातात. आणि ज्याच्याजवळ आहे पण जो खात नाही, त्यालाही त्यांनी चांगले म्हटले नाही. तो उपाशी मरणाऱ्यासारखा मरेल असे लोक म्हणतील, असे ते बोलले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते. शिष्यवृत्तीच्या पैशात स्वतःचे भागवायचे आणि घरीही पाठवायचे. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. जुनी, दुसऱ्यांनी वापरलेली पुस्तके! त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

म्हणून समितीपुढे माझी एक सूचना आहे. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पुस्तके फुकट मिळतात. नववीपासून विकत घ्यावी लागतात, आणि आपल्या पोरी नेमक्या तिथेच गळतात. निकाल लागला की नववी ते बारावीची पुस्तके रद्दीत किलोने जातात. ती इथे आणा. विहाराच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट रिकामे पडले आहे. मे महिन्याच्या दर रविवारी वंदनेनंतर मी तिथे बसेन, फाटकी पाने चिकटवायला खळ आणि दाभण-दोरा माझा. वह्यांची उरलेली कोरी पानेही आणा, त्यांच्या रफ वह्या बांधून देऊ. जूनच्या पहिल्या रविवारी वाटप करू. ज्याला पुस्तके हवी त्याने नाव लिहून न्यावे, आणि पुढच्या मे महिन्यात कव्हरासकट परत आणावे.

जयभीम. नमो बुद्धाय.