नामदेवांचे अभंग रंगभूमीवर आणताना

(हिंगोली येथे तरुण नाट्यकर्मींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कयाधूकाठच्या नरसीला आपण ज्यांची जन्मभूमी मानतो, त्या संत नामदेवांच्या अभंगांवर संगीत नाटक उभे करण्याचा आपला संकल्प ऐकून आनंद झाला. थोडी धास्तीही वाटली. ती का, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

संतवाणी रंगभूमीवर आणण्याची वाट नवी नाही. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे ‘संगीत संत कान्होपात्रा’ रंगमंचावर आणले. मास्टर कृष्णरावांच्या चाली होत्या. त्या नाटकात प्रत्यक्ष संतांचे अभंग गायले गेले. चोखोबांचा जोहारही बालगंधर्वांच्या स्वरात घरोघर पोहोचला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणात कथा वाल्मीकींची, पण छप्पन्न गीतांचे शब्द गदिमांचे होते. ते स्वातंत्र्य आपल्याला नाही. आपल्या हाती नामदेवांचा शब्दच आहे.

मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. त्या आखूड चौथ्या चरणात अर्थ येऊन टेकतो. नेमकी तिथेच गायकाने तान घेतली की अर्थ वाहून जातो. टाळ्या मिळतात, अभंग हरवतो. म्हणून संगीत दिग्दर्शकाने पेटीपूर्वी टाळ-मृदंग हाती घ्यावा, आणि चार दिवस एखाद्या दिंडीत चालून यावे.

कथानकासाठी दूर जायला नको. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांत नामदेवांनी ज्ञानदेवांचे चरित्रच सांगितले आहे. त्यात संवाद आहेत, प्रवास आहे, १२९६ सालच्या आळंदीतील वियोग आहे. नाटककाराला आणखी काय हवे?

आता धास्तीविषयी. आपल्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सुचवले की औंढ्याचा प्रसंग गाळावा, उगाच कटुता नको. औंढा नागनाथाच्या देवळामागे कीर्तन करायला नामदेवांना भाग पाडले आणि देऊळ फिरले, ही कथा इथल्या लेकराबाळांना ठाऊक आहे. तिथला नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर म्हणून आपले आजी-आजोबा ती सांगत आले. पण ही केवळ लोककथा म्हणून बाजूला सारता येणार नाही. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांचे जे पद आहे, त्यात गावाचे नाव नसले तरी प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे. भक्ती करीत असता हीन जातीचा म्हणून धरून उठवले. आपली घोंगडी उचलून ते देवळामागे जाऊन बसले. ही घोंगडी रंगमंचावर आलीच पाहिजे.

समरसतेचे काम करणाऱ्यांनी हा प्रसंग गाळला, तर आपण समरसता कशाला म्हणतो, असा प्रश्न उद्या कोणी विचारील आणि त्याला उत्तर देता येणार नाही. मात्र पुजाऱ्याला मिशा पिळणारा खलनायक करू नका. तो साधा, नेमधर्माचा, स्वतःला बरोबर समजणारा माणूस असू द्या. प्रेक्षकाला त्याच्यात आपलेच घर दिसावे. देऊळ फिरवायला यंत्रे नकोत. प्रकाश हलवला तरी पुरे.

त्याच ओघात मंगळवेढ्याचा प्रसंगही घ्यावा. वेशीचे काम चालू असता कोसळलेल्या भिंतीखाली चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखून पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. तेथे महाद्वारासमोर आजही चोखोबांची समाधी आहे.

शेवटी पंजाब. २०१५ साली घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नामदेवांविषयी तिथल्या घराघरांत असलेली आत्मीयता पुष्कळ मराठी माणसांनी प्रथमच पाहिली. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. शीख बांधवांसाठी ती गुरुबाणी आहे. ती नटाच्या तोंडी घालून अभिनय करण्यापूर्वी नांदेडला जाऊन तिथल्या जाणत्या मंडळींना विचारा. त्यांनी नको म्हटले, तर तो प्रवेश निवेदनात सांगा. नांदेड काही दूर नाही; तालमी सुरू होण्यापूर्वीच एक दिवस काढा.