महोत्सवांत नृत्यसंगीत कां?



बाखच्या तिसऱ्या वाद्यवृंद-सुइटमध्यें गाव्होत, बुरे, जीग अशीं नृत्यांचीं नांवें आहेत. म्हणून तें संगीत देवमंदिराच्या महोत्सवांत शोभेल काय, अशी शंका कांहींनीं घेतली. शिवाय बाख लुथरपंथी! परंतु ह्याच बाखनें 1733 सालीं सॅक्सनीच्या कॅथलिक अधिपतीस ‘किरिये’ व ‘ग्लोरिया’ अर्पण केलीं. आणि हीं नृत्यें ऐकण्याकरितांच रचिलेलीं आहेत.

आम्ही आज त्यांतील दुसरा भाग, ‘एअर’, ऐकविणार आहों. आरंभीं घुमणारे ट्रम्पेट, ओबो व नगारे येथें मूक होतात. केवळ तंतुवाद्यें उरतात. खालीं बास पायरी-पायरीनें उतरत असतां वर व्हायोलिनचा एकच दीर्घ स्वर तरंगत राहतो. आमच्या वादकांपाशीं ट्रम्पेट नाहीं. ‘एअर’ला तो लागतही नाहीं.