अब्बांची काळी गोळी

मी डॉक्टर नाही. डायलिसिस विभागात मशीन चालवते, सुया टोचते, पेशंटशी गप्पा मारते. आज ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती मी आधी घरात पाहिली, नंतर कामावर.

अब्बांना वीस वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन 2.4 वर गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, किडनी पूर्ववत होणार नाही, पण साखर आणि रक्तदाब सांभाळला तर बरीच वर्षं काढता येतील. अब्बांना यातलं "पूर्ववत होणार नाही" एवढंच ऐकू आलं. माझे मामू मालाच्या खरेदीसाठी चीनला जातात. त्यांनी तिथून काळ्या गोळ्यांच्या चार डब्या आणल्या. "चिनी लोक हजारो वर्षं किडनी याच औषधाने बरी करतात," असं त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं. मामूंनी ते मायेपोटी आणलं, हे मी आजही म्हणते.

अब्बांनी सात महिने त्या गोळ्या घेतल्या. आम्हाला सांगितलं नाही. रक्तदाबाची गोळी बंद केली, रक्त तपासलं नाही, कारण बरं वाटत होतं. किडनीच्या आजारात माणसाला बराच काळ बरंच वाटतं, दुखत तर काहीच नाही. सूज आली तेव्हा क्रिएटिनिन 6.8 होतं.

मी डबीचा फोटो चिनी वाचणाऱ्या एकाला पाठवला. घटकांच्या यादीत एक नाव होतं, 'मू-थोंग'. ते वाचून माझे हात थंड पडले. का, ते सांगण्यासाठी मला तुम्हाला बेल्जियमला न्यावं लागेल.

ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्याचं औषध वर्षानुवर्षं देत होते. 1990 मध्ये त्यात दोन चिनी वनस्पती घातल्या. पुढच्या दोन वर्षांत धडधाकट तरुण बायका निकामी किडन्या घेऊन येऊ लागल्या. झां-लुई व्हानहेरवेघम या किडनीतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध केलं. शोध घेतला तेव्हा कळलं की 'फांग-ची' या नावाखाली स्टेफानियाऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती आली होती. चिनी बाजारात दोन्हींच्या नावात 'फांग-ची' आहे. अशा रुग्णांची संख्या पुढे शंभरावर गेली. 2000 साली आणखी एक अभ्यास आला. किडनी पूर्ण गेलेल्या 39 रुग्णांनी खबरदारी म्हणून निकामी किडन्या आणि मूत्रनलिका काढून घेतल्या. त्यांतल्या 18 जणांना तिथे कर्करोग सापडला. औषध बंद होऊन वर्षं लोटली होती, पण ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि औषध थांबलं तरी नुकसान थांबत नाही.

'मू-थोंग'चीही तीच गत. हे नाव निरुपद्रवी अकेबियाचं, पण चीनमध्ये कित्येक वर्षं त्या जागी ॲरिस्टोलोकियाची एक जात वापरली गेली. लघवीच्या तक्रारींवर आणि 'यकृताची उष्णता' कमी करायला लोक हे औषध घेत. चीनने ती जात 2003 मध्ये औषधांतून काढली आणि तैवाननेही त्याच वर्षी ॲरिस्टोलोकियाच्या औषधांवर बंदी आणली. अब्बांच्या डबीत कोणतं मू-थोंग होतं? ते लिहिलेलं नव्हतं. मला आजही ठाऊक नाही. कदाचित ते साधं अकेबियाच असेल आणि अब्बांची किडनी मधुमेहाने आणि बंद केलेल्या रक्तदाबाच्या गोळीनेच गेली असेल. मी मामूंवर आरोप करू शकत नाही. त्यांना निर्दोष ठरवायलाही माझ्याकडे काही नाही.

आता कुणी म्हणेल, चिनी वैद्यक म्हणजे सगळं थोतांड. मला तसं वाटत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथल्याच वनस्पतीतून आलं आणि तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं. किडनीच्या दाहावर चीनमध्ये 'लेइ-कुंग-थेंग' नावाची वेल वापरतात. तिने लघवीतलं प्रोटीन कमी होतं, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण तिच्याने यकृत बिघडू शकतं, पाळी बंद पडू शकते, पुरुषांचे शुक्राणू घटतात. म्हणजे परिणाम करणारं औषध अपायही करतं, मग ते झाडाचं असो की कारखान्यातलं. 'हुआंग-छी' या मुळीबद्दल कोक्रेनच्या 2014 च्या आढाव्यात आशेच्या खुणा नोंदल्या आहेत, पण मूळ अभ्यासच इतके कच्चे की ठाम काही म्हणता आलं नाही.

शिवाय चिनी वैद्यकात 'किडनी' म्हणजे आपण सोनोग्राफीत पाहतो तेवढंच नाही. हाडं, कान, म्हातारपण, मर्दानगी, सगळं तिच्या खात्यात जमा. आपणही हिमतीला 'दिल-गुर्दा' म्हणतोच की! त्यामुळे 'किडनीला ताकद देणारं' असं लिहिलेलं औषध कंबरदुखीचं किंवा नामर्दीचंही असू शकतं. क्रिएटिनिनशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही.

आणि हे चीनवर ढकलून मोकळं होऊ नका. ॲरिस्टोलोकिया आपल्याकडेही आहे. मराठीत तिला सापसंद म्हणतात, संस्कृतात ईश्वरी. युनानी ग्रंथांतलं जरावंद हे त्याच कुळातलं. एवढ्या थोर हकिमांना आणि वैद्यांना तिचा हा दोष दिसला नाही, यात त्यांचा अपमान नाही. पाच-दहा वर्षांनी बिघडणारी किडनी आणि तेव्हा खाल्लेली मुळी यांची सांगड नाडी बघून घालता येत नाही. त्यासाठी नोंदी लागतात, शेकडो रुग्णांची रक्ततपासणी लागते.

अब्बा आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतात, माझ्याच विभागात. मामू त्यांना रिक्षाने आणतात. आमच्यात त्या डब्यांचा विषय निघत नाही. उरलेली एक डबी माझ्या लॉकरमध्ये आहे.

नवा पेशंट आला की मी विचारते, "आणखी कोणतं औषध चालू आहे?" उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही." मग मी लॉकर उघडते, डबी काढून समोर ठेवते आणि म्हणते, "माझे अब्बा हे घेत होते. आम्हाला सांगितलं नव्हतं." थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग बऱ्याचदा बायकोच पिशवीत हात घालते आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढते.