शुक्राचार्यांची शपथ आणि सुधाकराची जागा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले, तेव्हा मी त्यांना पहिल्याने हेच विचारले, की पत्ता तर चुकला नाही ना? या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या गेटवर आणि वाचनालयात. आपल्या भागाचे भाग्य असे, की कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि ठाण्याला १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पहिली पाळी सुटली की मी वाचनालय गाठी. हाताचे ग्रीस पुरते गेलेले नसे. ग्रंथपाल काही बोलत नसत. पुस्तकाबरोबर वर्तमानपत्राचा एक कागद तेवढा पुढे करीत, पुस्तकाला गुंडाळायला. त्या कागदात गुंडाळून जी पुस्तके मी वाचली, त्यांतल्या एका नाटकाविषयी आज बोलणार आहे.

ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत विद्याहरण’. त्याची पदे आपण पुष्कळांनी मैफलीत ऐकली असतील. पण नाटक पाहिलेल्यांनी हात वर करा म्हटले, तर फार थोडे हात वर होतील. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १९१३ साली रंगभूमीवर आणले. बालगंधर्व देवयानी झाले होते. पण त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ज्या संचात नाटक उभे राहिले, तो संच असा लौकरच मोडला. पुढे पदे उरली, त्यांचे सूर उरले, आणि नाटकात सांगितलेली गोष्ट मागे पडली. ती गोष्ट दारूची होती.

हे नाटक कोणत्या काळात लिहिले गेले, ते पाहा. १९०८ च्या एप्रिल महिन्यात पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. आत जाणाऱ्याला हात जोडून परत फिरवीत. टिळकांचा त्या चळवळीला पाठिंबा होता. सरकारला हे रुचले नाही, कारण दारू सुटली तर अबकारीचे उत्पन्न बुडणार. दोन महिन्यांत टिळकांना अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला त्या सहा दिवसांचा अभिमान वाटतो. टिळक मंडालेला गेल्यावर ‘केसरी’चे काम ज्यांच्या अंगावर पडले, ते हे खाडिलकर. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० साली बंदी घातली. हे सारे जवळून पाहिलेल्या माणसाने १९१३ साली पुराणातला दारू पिणारा गुरू रंगभूमीवर उभा केला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली आहे. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या त्यांच्यापाशी. ती शिकावी म्हणून देवांनी बृहस्पतीचा मुलगा कच त्यांच्याकडे पाठवला. दैत्यांना संशय आला. त्यांनी कचाला दोनदा मारले आणि देवयानीच्या हट्टाखातर शुक्राचार्यांनी त्याला दोनदा उठवले. तिसऱ्या वेळी दैत्यांनी त्याला जाळले, त्याची राख दारूत कालवली आणि तो पेला गुरूंनाच पाजला. गुरूंनी हाक मारली, तेव्हा शिष्याने पोटातून ओ दिली. कच बाहेर यायचा तर गुरूंचे पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्यांनी पोटातल्या कचालाच संजीवनी शिकवली. तो बाहेर आला आणि त्याने मेलेल्या गुरूंना उठवले. उठल्याबरोबर शुक्राचार्यांनी काय केले? दारूला शाप दिला.

आता माझ्यासारखा कामगार ही गोष्ट कशी वाचतो, ते सांगतो. पहिली गोष्ट, शुक्राचार्य हा कोणी उकिरड्यावर पडलेला माणूस नव्हता. त्याच्या काळातला सर्वांत कसबी कारागीर तो होता. आमच्याकडेही पिणाऱ्यांत कामचुकार थोडे आणि हातात कसब असलेले पुष्कळ, हे मी तीस वर्षे पाहतो आहे. दुसरी गोष्ट, त्याला तो पेला पाजणारे शत्रू नव्हते. ते त्याच्याच पक्षाचे, त्याच्याच शिष्यवर्गातले होते. त्यांना त्याची दुबळी वेळ ठाऊक होती. पगाराच्या दिवशी गेटबाहेर उभ्या असलेल्या सोबत्यांनाही ती ठाऊक असते. तिसरी गोष्ट, शपथ घेण्यापूर्वी शुक्राचार्यांनी दुसऱ्याला उपदेश केला नाही. आपण काय गिळले, हे आधी त्यांना कळले.

पण या शापात एक उणे आहे. मूळ कथेत तो शाप ब्राह्मणापुरता आहे. बाकीच्यांचे काय? बाकीच्यांच्या वाट्याला सरकार आले. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू गाळण्यावर सरकारची पकड बसली आणि दारू हे खजिन्याच्या मिळकतीचे साधन झाले. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा आला. आदिवासीने आपल्या झाडाखाली पडलेले फूल वेचणे हाही गुन्हा होऊन बसला. त्याने घरी गाळायची नाही, दुकानातून विकत घेऊन प्यायची. त्याला उत्तरही याच मुलखातून गेले. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ डोंगरातून दक्षिण गुजरातेत पोचली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे, की दारू-ताडी सोडा. आणि गावेच्या गावे ती सोडीत. पुढे स्वराज्य आले आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मग खाडीच्या खारफुटीत हातभट्ट्या पेटल्या, आणि काही वर्षांनी परवान्यांच्या वाटेने बंदी सैल झाली.

म्हणजे गुरूचा शाप झाला, सरकारचा कायदा झाला, देवीचा कौल झाला, बंदीही झाली. या सर्वांनी पिणाऱ्याला एकच शब्द सांगितला, ‘सोड’. त्यांपैकी कोणाची थट्टा मी करणार नाही. पण सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाने कोठे जायचे?

हा प्रश्न रंगभूमीवर आणला तो राम गणेश गडकऱ्यांनी. ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकराची दारू आणि सिंधूचे हाल एवढेच त्या नाटकाचे आपल्याला आठवते. परंतु त्यात एक जागा आहे, ती मी पुनःपुन्हा वाचली आहे. सुधाकर दारू सोडतो. खरेच सोडतो. आणि काम मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो. ते त्याला दारुड्या म्हणून हिडीसफिडीस करून परत पाठवतात. तेथून तो पुन्हा पेल्याकडे वळतो, तो कायमचा.

शुक्राचार्य आणि सुधाकर यांच्यांतला फरक मला येथे दिसतो. दोघांनीही सोडली. पण शुक्राचार्यांची जागा कोणी घेतली नव्हती. ते दैत्यांचे गुरू राहिले. पुढे शर्मिष्ठेच्या कथेत वृषपर्वा राजा त्यांनी सोडून जाऊ नये म्हणून त्यांच्या विनवण्या करतो. सुधाकराची जागा गेली होती, आणि ती त्याला परत कोणी दिली नाही.

बंधूंनो, हे मी पुस्तकातून शिकलो असतो, तर बरे झाले असते. मी ते फार उशिरा शिकलो.

१९९७ सालची गोष्ट. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची युनियन असलेला एक कारखाना होता. नाव घेत नाही. तेथे लेथवर एक कामगार होता, हाताचा असा पक्का, की सुताइतका फरक पडायचा नाही. दुसऱ्या पाळीला तो पिऊन आला. तसा तो आधीही आला होता. निलंबन झाले, चौकशी झाली, नोकरी गेली. स्थायी आदेशांप्रमाणे गैरवर्तन होते. कागद कंपनीच्या बाजूचा होता. त्यानंतर त्याने दारू सोडली. पाच महिने तो रोज संध्याकाळी युनियनच्या कचेरीत येऊन दारापाशी बाकावर बसे. चहासुद्धा मागून घेत नसे. जाताना एकच विचारी, “भाऊ, माझी केस कधी लावता?”

तेव्हा आमचे मागणीपत्र पडलेले होते. कराराची बोलणी चालू होती. दारूड्याची केस घेऊन गेलो तर मालक आपल्यालाच हसेल, चारशे माणसांच्या पगारवाढीला त्याने धक्का बसेल, असा मी हिशेब केला. मी त्याला म्हणालो, “आधी करार होऊ दे.” तो दुसरीकडे काम मागायला गेला. वसाहत केवढी? त्याचे नाव त्याच्या आधी पोचलेले होते. करार झाला. पेढे वाटले. त्या संध्याकाळी बाक रिकामा होता. मला ते दोन दिवसांनी लक्षात आले.

पुढल्या वर्षी तो गेला. तेराव्यानंतर वहिनी कचेरीत आल्या. युनियनच्या वर्गणीची थोडी बाकी राहिली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. मी ती घेईना. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, त्यांनी सोडली होती हो.”

कंपनीने कायद्याप्रमाणे केले. मी तर तेवढेही केले नाही. सुधाकराला परत पाठवणाऱ्या प्रतिष्ठितांत मी जाऊन बसलो होतो, आणि गंमत अशी, की ते नाटक मला तोंडपाठ होते.

त्यानंतर आम्ही युनियनमध्ये एक नियम केला. सोडणाऱ्याची केस मागे ठेवायची नाही. करार असो वा संप असो, ती त्याच आठवड्यात मांडायची. पगाराच्या दिवशी त्याच्याबरोबर घरापर्यंत दोघांनी जायचे, आणि त्यांतला एक स्वतः सोडलेला असला पाहिजे. ही युक्ती आमच्या डोक्यातली नव्हे. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची संघटना उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ काढले. आमची काही माणसे तेथे राहून परत आली. सगळी टिकली असे नाही. कोणी दोनदा घसरले, कोणी तिसऱ्यांदा. शुक्राचार्यांनी कचाला तीनदा उठवले. आपण दुसऱ्यांदाच कंटाळतो.

व्यवस्थापनाशी आम्ही भांडतो ते दारूच्या बाजूने नव्हे. यंत्रावर पिऊन आलेला माणूस स्वतःचा हात घालवील आणि शेजाऱ्याचाही; त्याला त्या पाळीत यंत्राजवळ येऊ देता कामा नये. आमचे म्हणणे इतकेच, की त्याला उपचाराला पाठवा, पगार कापायचा तर कापा, पण त्याचा लेथ त्याच्या नावावर ठेवा. परत यायला जागा आहे हे ठाऊक असलेला माणूस निराळ्या तऱ्हेने झगडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ठाण्याचे नाट्यगृह गडकऱ्यांच्या नावाचे आहे. आपल्यापैकी कोणा नाट्यसंस्थेने ‘विद्याहरण’ आणि ‘एकच प्याला’ लागोपाठ दोन रात्री लावली, तर तिकिटे खपवायची जबाबदारी आमच्या युनियनची. पदांसाठी या, सुरांसाठी या, माझी तक्रार नाही. पण घरी जाताना आपल्या चाळीतल्या, आपल्या सोसायटीतल्या, आपल्या खात्यातल्या एखाद्या सुधाकराची आठवण ठेवा. त्याने सोडली आहे असे कळले, तर त्याला उपदेश करू नका. त्याला काम सांगा.

आमच्या कचेरीत तो बाक अजून आहे. कोणी येऊन बसला, तर आता मी आधी त्याच्याशी बोलतो आणि मग टेबलावरचे कागद पाहतो.