अंगठा देण्याआधी



आपल्या वसई-विरारकडे जिथे भात आणि केळी पिकत, तिथे आज इमारती उभ्या आहेत. जमिनीला भाव आला, तसे खोटे कागद करणारेही आले. आपण म्हणतो, "वकिलाने कागद केलाय, मग भीती कसली?" आज आपण याच गोष्टीचा विचार करू.

समजा, आगाशीला एक म्हातारी राहते. तिची वीस गुंठे वाडी आहे. वाडी तिने कुणाला विकली नाही. पण एके दिवशी सातबारावर दुसऱ्याचेच नाव दिसते! चौकशीत कळते, की तिच्या नावाने भलतीच बाई उभी केली, तिचा अंगठा घेतला आणि कुलमुखत्यारपत्र केले. त्यावरून पुढे खरेदीखत झाले. मसुदा लिहिला वकिलाने. मग वकील गुन्हेगार का?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. वकील स्वतः फसला, की फसवणुकीत सामील झाला, हे पाहावे लागते.

हैदराबादला एका बँकेतून खोट्या नावांवर घरकर्जे उचलली गेली. जागेचे कागद ठीक आहेत, असा अभिप्राय देणाऱ्या वकिलावरही खटला झाला. त्या वकिलावरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. न्यायालय म्हणाले, नुसता चुकीचा सल्ला किंवा हयगय म्हणजे कटात भाग घेणे नव्हे. वकील कटात सामील होता, असा पुरावा हवा.

पण पुरावा असला, तर काळा कोट आड येत नाही. बाई भलतीच आहे, हे ठाऊक असून वकिलाने कागद केला, तर तोही इतरांसारखाच आरोपी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे खोटे खरेदीखत बनवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, प्रसंगी जन्मठेपही होऊ शकते. नोंदणी कचेरीत खोटा माणूस उभा करणे आणि त्याला मदत करणे, यांना 1908 च्या नोंदणी कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय बार कौन्सिल अशा वकिलाची सनद काढून घेऊ शकते.

तरी एक गोष्ट विसरू नका. शिक्षा होते मागाहून, घर जाते आधी. नालासोपाऱ्याला राखीव जागेवर बांधलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या हुकुमाने पाडल्या. हे काम 2025 च्या सुरुवातीला पुरे झाले. घरे घेणाऱ्यांच्या हातीही कागद होतेच की! पण डोक्यावरचे छप्पर गेले.

म्हणून आपण काय करावे?

विकणाऱ्याच्या वकिलावर विसंबू नये. आपला वकील वेगळा करावा. सातबारा आणि फेरफार स्वतः काढून पाहावेत. जुन्या व्यवहारांचा शोध दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून घ्यावा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कधीही देऊ नये. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपला हात दुसऱ्याला देणे, हे ध्यानात ठेवावे.

फसवणूक झालीच, तर पोलिसात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. मात्र तक्रारीने खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ती जाऊ देऊ नये. पैसे नाहीत म्हणून घरी बसू नये. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. मग त्यांचे उत्पन्न कितीही असो.

प्रामाणिक वकील पुष्कळ आहेत. ते आपल्याला कागद वाचून दाखवतात, घाई करत नाहीत. "वाचायचं काय त्यात, करा सही," असे जो म्हणेल, त्याच्या कचेरीतून आपण उठून यावे.

आपण अक्षरे शिकतो आहोत, ती याचसाठी. आधी वाचू, मग सही करू.