एक मैदान, दोन खेळ



आजच्या विषयाचा फलक बाहेर लागला तेव्हा युनियनमधल्या आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "तुम्ही टेनिसवर बोलणार? रॅकेट तरी कधी हातात धरली आहे काय?" धरलेली नाही, हे आरंभीच कबूल करतो. परंतु एक जागा, तिच्यावर हक्क सांगणारे दोन जथे, आणि दोघांची गंमत पाहत बसलेला जागेचा मालक, हा मामला आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहो. अमेरिकेतील गावोगावच्या सार्वजनिक बागांत टेनिस आणि पिकलबॉल खेळणाऱ्यांमध्ये जो तंटा लागला आहे, त्याची हकीकत वाचू लागलो तेव्हा ती आम्हांला कारखान्याच्या दारातलीच वाटली.

पिकलबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९६५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोन मित्रांची मुलेमाणसे सुटीत कंटाळून बसली होती. घरी बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण साहित्य सापडेना. तेव्हा टेबल टेनिसच्या बॅटा आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ मांडला, आणि चेंडू चांगला उसळतो असे पाहून जाळे खाली उतरवले. पुढे बार्नी मॅक्कलम या तिसऱ्या मित्राने नियम बसवण्यास हात लावला. कोर्टाचे माप आजही बॅडमिंटनचेच आहे, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७०च्या दशकात आपल्या पुण्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी बसवले, तेव्हा दूरचे का होईना, नाते आपलेही लागते! हिंदुस्थानात हा खेळ सुनील वालावलकर यांनी मुंबईत आणला आणि २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना निघाली. आता मुंबई-पुण्याच्या नव्या गृहसंकुलांतही तो खेळला जातो. म्हणजे तंटाही येणारच.

तंट्याचे मूळ गणितात आहे. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद, आणि भोवती धावण्यास मोकळी जागा लागते ती वेगळी. त्या सगळ्या आवारात पिकलबॉलची चार कोर्टे बसतात. टेनिसला तेथे दोन किंवा चार माणसे खेळतात, पिकलबॉलला सोळा. जाळ्याच्या उंचीत तर मध्यभागी अवघ्या दोन इंचांचा फरक, ३६ आणि ३४. नगरपालिकेच्या कारकुनाला हा हिशेब फार आवडतो. नवी जागा न घेता, चार पट्टे रंगवून, सोळा नागरिक खूश!

पण रांगेची रीत दोघांची निराळी आहे, आणि आमच्या मते खरा खटका तेथे उडतो. टेनिसवाला आपला जोडीदार ठरवून, वेळ राखून येतो आणि तास-दीड तास खेळतो. पिकलबॉलवाला एकटाच येतो, आपली बॅट कुंपणापाशी ओळीत लावतो, अकरा गुणांचा डाव पंधरा-वीस मिनिटांत संपला की पुढचे चौघे आत जातात; कोण कोणाबरोबर खेळतो याचे त्याला सोयरसुतक नसते. दोन्ही रीती आपापल्या परीने न्याय्य आहेत. एकाच फाटकात दोन्ही चालवल्या की मात्र वेळ राखून आलेल्याला समोरची गर्दी दांडगाई वाटते, आणि रांगेत उभ्या असलेल्याला तो वतनदार वाटतो. त्यात कडक बॅटीवर कडक चेंडूचा तो टॉकटॉक आवाज. शेजारच्या कोर्टावर टेनिस खेळणाऱ्याचे चित्त कसे थाऱ्यावर राहावे?

"आम्ही संख्येने अधिक, सबब जागा आमची," असे पिकलबॉलवाले म्हणतात. आमचा जन्म संख्येच्या राजकारणात गेला, तरी हे आम्हांला मान्य नाही. चाळीस माणसांच्या खात्यात दोन कसबी कारागीर असतात; त्यांचे मशीन काढून तेथे चाळिसांची बाके टाकावीत काय? पिकलबॉल बॅडमिंटनच्या दालनात होतो, बास्केटबॉलच्या पडीक मैदानावर होतो. टेनिसला टेनिसच्या कोर्टावाचून दुसरा ठाव नाही. नोव्हाक जोकोविचने २०२४ साली विंबल्डनच्या वेळी हीच भीती बोलून दाखवली होती की, अधिक पैसा मिळतो म्हणून क्लब टेनिसची कोर्टे मोडून दुसरे खेळ बसवतील. ती खोटी नाही.

मात्र टेनिसवाल्यांनीही आपले घराणे आठवावे. ज्या विंबल्डनचा एवढा दरारा, तो क्लब १८६८ साली निघाला तो क्रोकेसाठी. क्रोके म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू कमानीखालून घालवण्याचा खेळ. १८७५ साली तेथे टेनिसला थोडी हिरवळ दिली. १८७७ साली त्याचे नाव क्लबच्या नावात आले, आणि १८८२ साली क्रोकेचे नावच गळाले! ते १८९९ साली परत घातले, पण टेनिसच्या मागे. ओसरीवर आलेला पाहुणा माजघरात कसा शिरतो, हे टेनिसइतके कोणाला ठाऊक असणार?

आता एक आमच्याच पदरची गोष्ट. १९९६ साली एका कारखान्याच्या वसाहतीत मैदान एकच होते. क्रिकेटवाली पोरे आणि व्हॉलीबॉलवाले कामगार यांची जुंपली. व्हॉलीबॉलवाले आमचे सभासद, म्हणून आम्ही त्यांच्या बाजूने अर्ज लिहिला. क्रिकेटवाल्यांनी दुसरा अर्ज दिला. व्यवस्थापनाने दोन्ही अर्ज फायलीला लावले आणि शांतता राखण्याच्या नावाखाली फाटकाला कुलूप घातले. तो अर्ज आमच्याच अक्षरात होता. सहा महिने आम्ही एकमेकांवर फुरफुरत होतो, कुलपाकडे कोणी पाहिले नाही. पुढे त्या जागेवर गोदाम उभे राहिले.

म्हणून अमेरिकेतील मंडळींना, आणि उद्या आपल्या गावच्यांना, आम्ही तडजोडीचा मसुदा सुचवू तो असा. काही कोर्टे निव्वळ टेनिसची, त्यांवर एकही परका पट्टा नको. उरलेल्यांवर पिकलबॉलच्या रेषा फिक्या रंगात, म्हणजे टेनिसवाल्याचा डोळा फसणार नाही. कारखान्यात पाळ्या असतात तशा येथेही दोन्ही खेळांच्या वेळा फाटकावर लिहून लावाव्यात: अमुक वारी वेळ राखून, तमुक वारी बॅटांच्या ओळीने. घडीची जाळी कोणी लावायची, कोणी उचलून ठेवायची, हे नावानिशी ठरवावे. हसू नका, मोठमोठे करार अशा बारक्या कामावर फुटलेले आम्ही पाहिले आहेत. आणि नव्या कोर्टांसाठी नगरपालिकेकडे अर्ज एकच जावा, दोन्ही खेळांच्या सह्यांचा. पहिली सही टेनिसवाल्याने पिकलबॉलच्या कोर्टासाठी करावी, दुसरी पिकलबॉलवाल्याने टेनिसच्या कोर्टासाठी.

अध्यक्षांची घंटा झाली. कोणाला काही विचारायचे असल्यास आम्ही खाली चहाच्या टेबलापाशी आहोच.