संगणकाची कार्यप्रणाली : बदल केव्हा आणि कसा?

(पेण व रोहा परिसरातील लघुउद्योजकांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेणच्या गणेशमूर्ती आणि रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत ही रायगड जिल्ह्याच्या उद्यमशीलतेची दोन निरनिराळी रूपे होत. एकीकडे शाडू, साचे व रंग यांत रमलेले हात, तर दुसरीकडे रसायनांचे कारखाने. या दोहोंमध्ये आता एक वस्तू समान झाली आहे, ती म्हणजे संगणक. मागण्यांची नोंद, आगाऊ रकमा, कराची विवरणपत्रे, कामगारांची हजेरी हे सारे त्यात साठविलेले असते. म्हणून संगणकाची कार्यप्रणाली बदलण्याचा प्रश्न हा केवळ तंत्रज्ञाचा नसून धंद्याच्या मालकाचाही आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही कालव्यावरील पाटकऱ्यासारखी असते. कोणत्या शेताला केव्हा व किती पाणी द्यावयाचे हे पाटकरी ठरवितो. त्याचप्रमाणे संगणकाची स्मृती, पडदा, छपाई यंत्र व निरनिराळे कार्यक्रम यांचा मेळ कार्यप्रणाली घालते. तिच्यात दोन प्रकारचे बदल संभवतात. पहिला म्हणजे दरमहा येणारी सुरक्षाविषयक दुरुस्ती. दुसरा म्हणजे जुनी आवृत्ती जाऊन संपूर्ण नवी येणे. पहिला बदल फार लांबणीवर टाकू नये. दुसरा मात्र पूर्ण तयारीवाचून करू नये.

दुरुस्ती टाळण्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. विंडोजमधील एक दोष बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. तरीही १२ मे २०१७ रोजी त्याच दोषातून वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला, आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजदेखील विस्कळीत झाले. औषध हाती होते, पण असंख्य यंत्रांना ते दोन महिने दिलेच गेले नव्हते. याउलट, ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची एक नवी आवृत्ती घाईने घेणाऱ्या काही जणांच्या फाइली नाहीशा झाल्या व कंपनीला ते वितरण थांबवावे लागले. तात्पर्य, आळस आणि उतावीळपणा हे दोन्ही सारखेच महाग पडतात.

मग योग्य वेळ कोणती? पहिली कसोटी आधार संपण्याच्या तारखेची. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा दिवशी संगणक बंद पडत नाही, आणि नेमकी तेथेच फसगत होते. यंत्र चालूच राहते, पण नव्याने सापडणारे दोष बुजविले जात नाहीत. विंडोज १० साठी नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याचे कंपनीने जाहीर केले. ही सवलत तयारीसाठी आहे, विसरण्यासाठी नव्हे.

दुसरी कसोटी हंगामाची. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरची, तर वरील मुदत १३ ऑक्टोबरची. म्हणजे सवलतीवर विसंबणाऱ्या मूर्तिकारास हंगामानंतर जेमतेम एक महिना उरतो. मागण्यांच्या ऐन गर्दीत कार्यप्रणाली बदलणे म्हणजे भर पावसात घराची कौले उतरविणे होय. कारखान्यांनी हे काम वार्षिक दुरुस्तीच्या बंद काळात योजावे. यंत्रे चालविणाऱ्या संगणकांना तर यंत्र-उत्पादकाच्या सल्ल्यावाचून हात लावू नये.

तिसरी कसोटी यंत्राच्या कुवतीची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, मान्य केलेला प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. जुन्या यंत्रात ही नसेल, तर नवे यंत्र घेणे किंवा लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली वापरणे हे दोन मार्ग उरतात. सी-डॅकने भारतीय भाषांच्या सोयींसह विकसित केलेली बॉस ही त्यांपैकीच एक. परंतु हिशोबाचा नेहमीचा कार्यक्रम तेथे चालतो की नाही, हे प्रथम तपासावे. डॉसच्या काळातील जुने कार्यक्रम विंडोज ११ वरही थेट चालत नाहीत. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील पत्रे तर, तो फॉन्ट नव्या यंत्रात नसल्यास, निरर्थक अक्षरांची जुडी होऊन बसतात.

आता पद्धतीविषयी. प्रथम सर्व माहितीच्या दोन प्रती काढाव्यात व त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. भोगावती आणि कुंडलिका यांच्या काठच्या लोकांना पुराचे पाणी कोठवर येते हे सांगावयास नको. काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. कार्यक्रमांचे परवाने, परवलीचे शब्द, छपाई यंत्राची सामग्री व मराठी फॉन्ट हाताशी ठेवावेत. एकाहून अधिक संगणक असल्यास प्रथम एकावरच बदल करावा आणि त्यावर आठवडाभर नेहमीचे काम करून पाहावे. काम चालू असता वीज गेल्यास घोटाळा होतो, म्हणून यूपीएसची सोय असावी. विंडोज ११ मध्ये बदलानंतर सामान्यतः १० दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परतता येते. तेव्हा बिल छापणे, विवरणपत्र भरणे, जुनी खाती उघडणे या साऱ्या गोष्टी त्या अवधीतच तपासून घ्याव्यात.

मूर्तिकार साचा बदलतो, तेव्हा नव्या साच्यातील पहिली मूर्ती नीट उतरल्याखेरीज जुना साचा मोडीत काढीत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे शहाणपण संगणकासही लागू पडते. प्रत्येक उद्योजकाने आपल्या संगणकाची आवृत्ती आणि तिचा आधार संपण्याची तारीख आजच वहीत टिपून ठेवावी. निर्णयाचा आरंभ त्या एका ओळीपासून होतो.